हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघण्याआधी तिथी पाहावी

खाडीकाठ:

हरिहरेश्वरला कसे जावे, कुठे उतरावे, उकडीचे मोदक कोणाकडे चांगले मिळतात, अशी विचारणा इथे नेहमी होते आणि सगळे आपुलकीने उत्तरेही देतात. त्या चर्चांमध्ये एक गोष्ट मात्र क्वचितच येते, आणि माझ्या मते तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला ती सर्वांत आधी कळायला हवी. तेवढ्यासाठी हा धागा काढत आहे. हरिहरेश्वरची डोंगराभोवतीची प्रदक्षिणा समुद्राच्या पोटातून जाते आणि ती केव्हा करता येईल हे समुद्र ठरवतो. आपली सुट्टी किंवा आपल्या गाडीचे वेळापत्रक तिथे चालत नाही.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, डोंगराच्या पायथ्याशी हे देवस्थान आहे. नदीच्या मुखापलीकडे रत्नागिरी जिल्हा लागतो आणि बाणकोटचा किल्ला दिसतो. इथे काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे अशी दोन देवळे जवळजवळ आहेत. आधी काळभैरवाचे दर्शन घ्यावे, मग हरिहरेश्वराचे, आणि परतताना पुन्हा काळभैरवापुढे यावे, असा प्रघात आहे. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची स्वयंभू लिंगरूपे मानली जातात. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजे पुढे पेशवे झालेल्या घराण्याचे, हे कुलदैवत आहे. पहिल्या बाजीरावांच्या काळात, १७२३ साली, देवळाचा जीर्णोद्धार झाला. दक्षिण काशी म्हणून या क्षेत्राची ख्याती असल्यामुळे दर्शनाइतकेच लोक इथे पितृकार्यासाठी येतात.

देवळामागून पायऱ्या डोंगरावर चढतात आणि पलीकडच्या अंगाला दोन कड्यांच्या मधल्या अरुंद खिंडीतून खाली समुद्राकडे उतरतात. त्या खिंडीला गणेशगल्ली म्हणतात. खाली उतरलो की डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून कातळावरून चालत जायचे असते. वाटेत गायत्रीतीर्थ, विष्णुपद अशी स्थाने लागतात, आणि शेवटी आपण वळसा घालून पुन्हा देवळाच्या बाजूला येतो. सावकाश चालणाऱ्याला सारे मिळून तासभर लागतो. हा कातळ ओहोटीला मोकळा असतो. भरतीला त्याच्यावर पाणी येते, आणि डोंगराचा कडा तिथे इतका सरळ आहे की वर चढून जायला जागा नाही. एकदा मधल्या टप्प्यात अडकले की पुढेही पाणी आणि मागेही पाणी.

आता माझ्या घरचा अनुभव सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही नातेवाईक मिळून पुण्याहून एका यात्रा कंपनीच्या बसने गेलो होतो. दिवस सोमवती अमावस्येचा होता आणि पुण्यप्रद दिवस म्हणून तो मुद्दाम निवडला होता. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे करत सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलो आणि दर्शन आटोपून दहाच्या पुढे प्रदक्षिणेला निघालो. बसच्या व्यवस्थापकाने बारा वाजता निघायचे असल्याचे सांगून सगळ्यांना घाई केली. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे त्याने पाहिले नाही आणि आमच्यापैकी कोणाला विचारायचे सुचले नाही. गणेशगल्लीतून खाली उतरलो तेव्हा समोरचा कातळ कोरडा दिसत होता. शंभर पावले गेलो असू, तोच एक लाट गुडघ्यापर्यंत आली. ती आली तेव्हा आम्ही उभे राहू शकलो, परंतु परतताना तिने माझ्या मामांचे पाय ओढून नेले. ते कातळावर आपटले, मनगट मोडले आणि कालवांच्या धारेने पोटरी उभी चिरली. गावातले दोन तरुण वरून पाहत होते, ते धावत खाली आले आणि त्यांनी मामांना उचलून गल्लीत आणले, म्हणून आज मी हे लिहू शकतो आहे. त्यांची नावे विचारण्याचेही भान आम्हाला राहिले नाही, आणि ही चुटपुट मला अजून आहे.

नंतर त्याच गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला जो हिशेब सांगितला तो कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ज्या दिवशी जायचे त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, आणि त्याच्या मधोमध, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. अमावस्या किंवा पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही सव्वाअकराच्या भरतीच्या तासभर आधी पाण्यात उतरलो होतो. शाळकरी मुलालाही करता येईल एवढा हा गुणाकार आहे, आणि तो आमच्या बसमधल्या चाळीस माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हता.

यातली आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. ज्या तिथींना देवस्थानात सर्वाधिक गर्दी होते, त्याच तिथींना हा धोका सर्वाधिक असतो. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी, त्या दिवशी भरती साधारण साडेदहाला. पौर्णिमा आणि अमावस्या तर उधाणाचेच दिवस, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढते. या सगळ्या दिवशी भाविक सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान येतात, आणि पाणी नेमके त्याच वेळी वाढत असते. श्रद्धेने दिवस निवडणाऱ्यांनी तो निवडावाच, मीही निवडतो. मात्र दर्शन सकाळी घेऊन प्रदक्षिणा दुपारी, पाणी उतरताना करावी, आणि सूर्यास्ताच्या पुष्कळ आधी वर यावे.

ज्यांना दिवस निवडण्याची मोकळीक आहे त्यांनी द्वितीया ते पंचमी, शुद्ध असो वा वद्य, यांपैकी दिवस घ्यावा. ओहोटी सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान येते, ऊनही सौम्य असते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पायऱ्या उतराव्यात, म्हणजे पाणी पुन्हा फिरण्याच्या आत वळसा पुरा होतो. आषाढ-श्रावणात तर तिथीचा हिशेबही करू नये. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, आणि ओहोटीची वेळ असली तरी लाट कुठवर येईल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

इतरांनी आपले अनुभव आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात.

---

भूगोलशिक्षिका:

अतिशय आवश्यक धागा. मी दरवर्षी नववीच्या मुलांना सागरी भूरूपे शिकवते आणि दोन वेळा मुलांना हरिहरेश्वरला घेऊन गेले आहे. पाऊणपटीच्या हिशेबामागचे कारण सांगते, म्हणजे तो नुसता पाठ करावा लागणार नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असताना चंद्रही पुढे सरकत असतो, त्यामुळे तो पुन्हा त्याच जागी दिसायला २४ तास ५० मिनिटे लागतात आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. एका पक्षाच्या पंधरा तिथींमध्ये भरतीची वेळ मिळून जवळपास बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटे. जुन्या माणसांनी सोयीसाठी त्याचा पाऊण तास केला. म्हणूनच पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू करायची असते.

मात्र हा हिशेब ठोकळ आहे. अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो, कारण तिथी दिवसाच्या कोणत्याही वेळी बदलू शकते आणि किनाऱ्याकिनाऱ्यानुसार भरतीची वेळ थोडी वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांसाठी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. मुलांना नेण्याआधी मी दोन्ही पाहते.

तिथला कातळही जाणत्या नजरेने पाहावा. ज्या सपाट कातळावरून आपण चालतो तो लाटांनीच डोंगर कापून तयार केलेला तरंगघर्षित मंच आहे. कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी लहान-मोठी छिद्रे दिसतात ती बेसॉल्टमध्ये मिठाने कोरलेली आहेत. लाटांचे तुषार खडकाच्या सूक्ष्म भेगांत शिरतात, पाणी उन्हाने उडून जाते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचा कण न्‌ कण सुटा करतात. ही नक्षी तयार व्हायला किती काळ लागला असेल याचा विचार करत माझे विद्यार्थी तिथे एकदम शांत झाले होते. मुलांनी त्या छिद्रांत नावे कोरू नयेत, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावी.

---

रोठासुपारी:

मी श्रीवर्धनचा. लेखातले बहुतेक सारे बरोबर आहे, थोडी भर घालतो. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात, आणि प्रदक्षिणेची वेळ गावात कोणाला विचारायची असेल तर ‘आज सुकती कधी लागते’ असे विचारावे. देवळाबाहेर फुले-नारळ विकणाऱ्या बायका, खानावळवाले, गुरुजी, यांपैकी कोणीही तुम्हाला अचूक वेळ सांगेल. विचारण्यात कमीपणा नाही. आमच्या लोकांची तक्रार अशी की पाहुणे विचारतच नाहीत, आणि कोणी आपणहून अडवले तर ‘आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत’ असे उत्तर मिळते. धोक्याचे फलक लावलेले आहेत. त्याच फलकाला टेकून लोक छायाचित्रे काढतात.

अष्टमीबद्दल एक सांगायला हवे. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही तसे फार उतरतही नाही. ‘अष्टमीला बाराला ओहोटी’ हे खरे, परंतु तेव्हा कातळ उधाणाच्या सुकतीइतका मोकळा होत नाही आणि काही ठिकाणी पाण्यालगतच चालावे लागते. त्यामुळे वृद्ध माणसांना घेऊन भांगाच्या दिवशी जाऊ नये. शेवाळ कुठे आहे हे वरून कळत नाही. हिरवा आणि काळा चकाकणारा भाग टाळावा, खरखरीत करड्या भागावर पाय द्यावा. अनवाणी जाण्याचा नेम असेल तर कालवे चिकटलेल्या दगडांपासून फार जपावे, ती जखम लवकर भरत नाही.

आणखी एक विनंती आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकले आणि आमच्या सुपारीच्या नि नारळाच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यावर उत्पन्न यायला वर्षे लागतात. तेव्हापासून कित्येक घरांचा आधार येणाऱ्या भाविकांवर आहे. त्यामुळे प्रदक्षिणा चुकली म्हणून त्याच दिवशी परत फिरू नये. एक रात्र राहावे आणि दुसऱ्या दिवशी सुकतीला जावे. तुमची प्रदक्षिणा होईल आणि आमच्याही घरी चूल पेटेल.

---

मावळतीकडे:

लेखातील तळमळ पोहोचली, तरी एक प्रश्न मनात आहे. इतका धोका असेल तर त्या कातळावर रेलिंग घालून, मधल्या खाचा सिमेंटने भरून पक्की वाट का करू नये? गणपतीपुळ्याला डोंगराभोवतीची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे आणि ती पक्क्या वाटेने होते. देऊळ समुद्राला अगदी लागून असूनही तिथे वृद्ध माणसे आणि लहान मुले कोणत्याही वेळी निर्धास्तपणे प्रदक्षिणा घालतात. हरिहरेश्वरला तसेच झाले तर कोणाच्या मामांचे मनगट मोडणार नाही.

---

खाडीकाठ:

मावळतीकडे, प्रश्न योग्य आहे आणि अपघातानंतर काही वर्षे माझेही मत असेच होते. आता ते बदलले आहे. गणपतीपुळ्याची वाट भरतीच्या रेषेच्या वर आहे, त्यामुळे ती बांधून काढता आली. हरिहरेश्वरची वाट भरतीच्या रेषेच्या खाली आहे. दिवसातून दोनदा पाणी येणाऱ्या जागी घातलेले लोखंड खाऱ्या हवेत किती टिकेल हे कोकणात घर असलेल्या कोणालाही विचारावे. गंजलेला कठडा हा कठडा नसण्यापेक्षा घातक असतो, कारण माणूस विश्वासाने त्याच्यावर भार टाकतो. शिवाय वाट पक्की दिसली की लोक भरतीलाही उतरतील. भूगोलशिक्षिकांनी सांगितलेली मिठाची नक्षी सिमेंटखाली गाडली जाईल हे दुःख तर वेगळेच.

त्यापेक्षा सोपे आणि स्वस्त असे काही करता येईल. गणेशगल्लीच्या तोंडाशी, वर, एक मोठा फळा असावा आणि त्यावर रोज सकाळी त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ आणि ‘या वेळेनंतर खाली उतरू नये’ अशी वेळ खडूने लिहावी. गर्दीच्या तिथींना तिथे एक माणूस बसवावा, आणि त्याला लोकांना थांबवण्याचा अधिकार असावा. रोठासुपारी, गावात हा विषय तुम्ही काढू शकलात तर फळ्याचा खर्च मी आनंदाने देईन.

---

तीन पिढ्या:

आईचे वय ७८ आहे, दोन्ही गुडघे दुखतात, आणि कुलदैवत म्हणून हरिहरेश्वरची प्रदक्षिणा एकदा तरी घडावी असे तिने मनात धरले आहे. पायऱ्या चढणे तिला शक्य होणार नाही. तिला काय सांगावे हे कळत नाही, म्हणून इथे विचारते.

---

रोठासुपारी:

ताई, आईंना देवळातच गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालू द्या. आमच्या घरातली वडीलधारी माणसेही वय झाल्यावर तेवढीच घालत आणि कोणाला त्यात उणेपणा वाटत नसे. संध्याकाळी त्यांना देवळाजवळच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसवा. सावित्रीचे पाणी समुद्रात मिसळते ती जागा तिथून दिसते. डोंगराची प्रदक्षिणा घरातल्या धडधाकट माणसाने आईंच्या नावाने घालावी आणि परत येऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवावे.

---

तीन पिढ्या:

मनावरचे ओझे उतरले. मनापासून आभार.

---

कातळवाट:

माझे जाणे वडिलांच्या अस्थी घेऊन झाले होते, म्हणून थोडे वेगळे लिहितो. पितृकार्यासाठी जाणाऱ्यांची मनःस्थिती अशी असते की भरती-ओहोटी कोणाच्या ध्यानात राहत नाही. आम्ही तीन भाऊ रात्रभर प्रवास करून पोहोचलो होतो आणि लवकरात लवकर विधी उरकून परत जावे, एवढेच डोक्यात होते. गुरुजींनी आम्हाला सकाळी खाली नेण्यास साफ नकार दिला. ‘पाणी उतरू द्या, तुमचे वडील आता कुठे घाईत नाहीत’ असे ते म्हणाले. मला त्या क्षणी राग आला होता. आम्ही चार तास नुसते बसून राहिलो, आणि त्या चार तासांत आम्ही भाऊ वडिलांविषयी जेवढे बोललो तेवढे त्यांच्या आजारपणाच्या सहा महिन्यांत बोललो नव्हतो. दुपारी पाणी मागे गेल्यावर खाली उतरलो, शांतपणे विधी झाला. अस्थी सोडल्या तेव्हा उतरते पाणी त्या अलगद समुद्राकडे घेऊन गेले. भरतीत सोडल्या असत्या तर त्या पुन्हा कातळावर आल्या असत्या, हे गुरुजींनी नंतर सांगितले.

---

नवखा भाविक:

सर्व प्रतिसाद वाचले. आम्ही सहा जण येत्या वद्य एकादशीला मुंबईहून जाणार आहोत. मुक्काम एक रात्र आहे, आणि दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेशवीला उतरून वेळासला जायचा बेत आहे. हिशेब करून पाहिला, एकादशीची पाऊणपट सव्वाआठ येते. म्हणजे भरती सकाळी सव्वाआठला आणि ओहोटी अडीचच्या सुमारास, हे बरोबर आहे का?

---

खाडीकाठ:

हिशेब बरोबर आहे. एकादशी भांगाला जवळची तिथी आहे, तेव्हा रोठासुपारी यांनी सांगितल्याप्रमाणे कातळ पूर्ण मोकळा होणार नाही, हे लक्षात ठेवून चालावे. सकाळी घाई न करता निघा, पोहोचल्यावर काळभैरव, हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असे दर्शन घ्या, उपवास असेल तर फराळ करून घ्या आणि दीडच्या सुमारास पायऱ्यांपाशी या. खाली उतरण्याआधी गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहून लाटा कुठवर येत आहेत ते पाहा. ओल्या कातळाची रेषा प्रत्येक लाटेबरोबर खाली सरकत असेल तरच उतरा. सरकत नसेल तर दुसऱ्या दिवशी द्वादशी आहे, ओहोटी सव्वातीनच्या आसपास येईल, आणि बागमांडल्याची बोट संध्याकाळची घेता येईल. तिचे शेवटच्या फेरीचे वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून ठेवा.

---

रोठासुपारी:

एकादशीला मी गावातच आहे. देवळापाशी आलात की फुलवाल्या बायकांकडे माझी चौकशी करा, मी तुमच्याबरोबर खाली येतो. फळ्याविषयी परवा चार जणांशी बोललो आहे. खडू आमचा, फळा खाडीकाठ यांचा.